आमच्या आधी राहून गेलेली माणसं

पहिल्याच दिवशी घरमालकीण बाईंनी आम्हाला वरची झोपायची खोली दाखवली आणि पलंगाकडे बोट करून अगदी सहज सांगितलं, "या घरात मेलेली माणसं इथून खाली जायची."

मी आमच्या यांच्याकडे बघितलं. हे इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात नुकतेच ज्युनियर डॉक्टर म्हणून लागले होते. मेलेल्या माणसांचं त्यांना फारसं काही वाटत नसे, पण आपल्या पलंगाखालून कोणी जावं अशी त्यांची अपेक्षा नसावी. तोवर बाई गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांनी पलंगाखालची चटई ओढली. खाली जमिनीत लाकडी झडप होती. घर बांधणाऱ्यानं जिना इतका अरुंद आणि पिळाचा करून ठेवला होता, की शवपेटी त्याच्यावरून उतरेना. मग ही झडप बसवली आणि पेटी दोरानं खालच्या बैठकीच्या खोलीत सोडायची पद्धत पडली.

"कातड्याचा व्यापारी होता," बाई म्हणाल्या. "जनावराचं माप नजरेनं सांगायचा म्हणे. जिन्याचं काही जमलं नाही. आणि झडपेतून पहिला गेला तोही तोच."

"सोय चांगली आहे," हे गंभीरपणे म्हणाले.

बाईंचा चेहरा फुलला. आधी येऊन गेलेल्या दोन जोडप्यांनी झडप बघून काढता पाय घेतला होता, हे आम्हाला मागाहून कळलं.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. मिरजेहून बोटीनं आलेली माझी मोठी पत्र्याची ट्रंक जिन्यात अडकली. वर जाईना, खाली येईना. ट्रंक आणणारे दोघं घामाघूम झाले. बाई जिन्याखाली उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "झडप आहे ना!" मग दोर आणला, पलंग सरकवला आणि माझ्या आईनं दिलेली पातेली, पोळपाट, साड्या असं सगळं असलेली ती ट्रंक बैठकीच्या खोलीतून वर ओढली. ती वरच्या जमिनीवर टेकली तेव्हा बाईंनी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या.

"आजवर इथून सगळं खालीच गेलं. वर आलेली ही पहिलीच गोष्ट!"

मिरजेचा पत्रा अशा रीतीनं त्या घराच्या इतिहासात शिरला.

ही साठच्या दशकाच्या मधली गोष्ट. लंडनच्या उत्तरेला, आज जिथं मिल्टन कीन्स शहर पसरलंय त्याच्या जरा बाहेर, एक लहानसं गाव होतं. एक चर्च, एक पब, एक पोस्ट, बदकांचं तळं आणि तळ्याच्या वरच्या अंगाला बाईंचं घर. घर चारशे वर्षांचं. काळपट लाकडाच्या तुळया, मध्ये चुना, पुढच्या बाजूला मात्र नंतर कोणीतरी हौसेनं चढवलेली लाल विटांची भिंत. आत जमीन इतकी उतरती, की टेबलावर ठेवलेलं अंडं घरंगळत जाई. आम्हाला वरच्या दोन खोल्या होत्या आणि स्वयंपाकघर बाईंच्यात आणि आमच्यात एकच.

बाई तेव्हा पासष्टीच्या पुढे असतील. उंच, हाडापेरानं मजबूत, अंगात एकावर एक दोन कार्डिगन आणि पायात पुरुषी बूट. लग्न केलेलं नव्हतं. आयुष्यभर मास्तरकी केल्यामुळे आवाज असा, की बागेतून बोलल्या तरी पोस्टातली बाई उत्तर देई. तोंडानं मी त्यांना 'मिस' आणि पुढे आडनाव अशी हाक मारायची, पण मनात त्या नेहमी 'बाई'च. आमचं सगळं बोलणं अर्थातच इंग्रजीत. इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' एकच, पण बाई मला 'तू'च म्हणतात याबद्दल मला कधी शंका आली नाही.

बाईंची एक सवय अंगवळणी पडायला मला बराच वेळ लागला. त्या रिकाम्या खोलीतसुद्धा टकटक केल्याशिवाय जात नसत. बैठकीच्या खोलीत कोणी नाही हे माहीत असायचं, तरी दारावर बोटं वाजवायच्या, क्षणभर थांबायच्या आणि मग आत. मला वाटलं, म्हातारीला भुतं दिसतात. एकदा धीर करून विचारलं.

"भुतं?" त्या चिडल्याच. "छे! ज्यांना इतिहास येत नाही त्यांना भुतं लागतात. मी फक्त रीत पाळते. एवढी माणसं इथं राहून गेली, मी आपलं मध्येच घुसायचं?"

माणसं किती आणि कोण, हे त्यांना तोंडपाठ होतं. कातड्याचा व्यापारी. माळ्यावर मधमाश्या पाळणारा पाद्री, ज्याच्या प्रार्थनेला माश्याही यायच्या म्हणून लोक येईनासे झाले. दोन बहिणी, ज्यांनी एका टोपीवरून भांडण केलं आणि मरेपर्यंत एकमेकींशी अक्षरही बोलल्या नाहीत. त्या दोघींनी स्वयंपाकघर अर्धं अर्धं वाटून घेतलं होतं. दगडी फरशीत मधोमध एक खाच होती, ती त्यांची हद्द. बाई ती खाच ओलांडताना अजूनही पाऊल जरा उंच उचलायच्या. महिन्याभरात मीही उचलायला लागले. हे हसायचे मला. मग एक दिवस मी यांना चहाचा कप हातात घेऊन तसंच पाऊल उचलताना पकडलं.

बाईंकडे खरेपणाच्या तीन प्रती होत्या. काही सांगून झालं की त्या पुढे जोडायच्या: "हे खरं." किंवा, "हे बहुधा खरं." आणि तिसरी प्रत म्हणजे, "हे खरं असायला हवं होतं." या तिन्हींची त्या कधी सरमिसळ करत नसत. मधमाश्या खऱ्या होत्या. टोपी बहुधा खरी.

तिसरी प्रत मला त्या पहिल्या हिवाळ्यात भेटली. दुपारी चारलाच काळोख व्हायचा. हे ड्यूटीवर, घरात रॉकेलच्या हीटरचा वास आणि बाहेर नुसतं धुकं. उत्तरेकडच्या खिडकीशी बसून मी रडत होते. विशेष काही झालं नव्हतं. घरी हळदीकुंकवाचे दिवस चालू असतील, एवढंच आठवलं होतं. टकटक झाली आणि बाई आत आल्या. मी डोळे पुसले. त्यांनी ते बघितलं नाही असं दाखवलं आणि खिडकीच्या चौकटीवर हात ठेवून बोलायला लागल्या.

"इथं एक लेस विणणारी बाई बसायची. समुद्रापलीकडून आली होती. नवरा इथला. तिला इंग्रजी येत नव्हतं. विणकामाला उजेड लागतो, म्हणून तिनं ही खिडकी धरली. इथं बसून ती रडायची."

"मग?" मी विचारलं.

"मग ती गावातल्या बायकांना नावं ठेवण्याइतकं इंग्रजी शिकली आणि रडायची थांबली."

मी हसले. थोड्या वेळानं विचारलं, "हे खरं का?"

बाईंनी विचार केला. त्या खोटं बोलत नसत. "लेस खरी. समुद्रापलीकडून आली हे बहुधा खरं. रडायची ते..." त्यांनी बाहेरच्या धुक्याकडे बघितलं. "उत्तरेची खिडकी आहे, जानेवारी आहे. कोण रडणार नाही?"

दुसऱ्या दिवसापासून त्या मला पोस्टात, चर्चच्या केकविक्रीत, शिवणाच्या मंडळात असं सगळीकडे ओढून न्यायला लागल्या. गावातल्या बायकांना नावं ठेवण्याइतकं इंग्रजी मला मार्चपर्यंत यायला लागलं.

त्यांनी मलाही सोडलं नाही. "मिरजेच्या तुमच्या घरात तुमच्या आधी कोण राहत होतं?" असं त्यांनी एकदा विचारलं. मला माहीत नव्हतं. भाड्याचं घर, वीस वर्षं राहिलो, कोणाच्या मनात आलं नाही. बाईंना हे इतकं अजब वाटलं, की मी वडिलांना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं: "आपल्या आधी कोणी कुळकर्णी होते. जाताना नळ मोडून गेले. तू तिकडे तब्येतीला जप, असल्या चौकश्या कशाला?" मी ते बाईंना वाचून दाखवलं.

"कुळकर्णी!" बाई प्रेमानं म्हणाल्या. "आणि नळ!" पुढे कित्येक महिने त्या मध्येच विचारायच्या, "का बरं मोडला असेल गं नळ त्यानं?"

आम्हाला तिथं तिसरं वर्ष चालू होतं तेव्हा रस्त्याचं निघालं. शेजारी नवं शहर वसणार हे ठरलेलंच होतं. आता त्याच्याकडे जाणारा मोठा रस्ता आमच्या गावाच्या कडेनं जाणार होता. पोस्टाच्या भिंतीवर नकाशा लागला. नकाशावरची जाड रेघ तळ्याच्या वरच्या अंगानं येत होती आणि बाईंच्या घरावरून सरळ पलीकडे जात होती.

बाईंनी नकाशा चष्मा लावून बघितला, चष्मा काढून बघितला. मग सरळ घरी निघाल्या. स्वयंपाकघरात आल्या आणि खाचेवर पाऊल न उचलता तशाच चालत गेल्या.

गावानं मात्र कंबर कसली. पुढारीपण पबच्या मालकानं घेतलं. गुबगुबीत, लाल गालांचा, मनानं चांगला माणूस. जाहीर सुनावणी होणार होती आणि तिथं काय सांगायचं हे त्यानं ठरवून टाकलं होतं. इंग्लंडमधल्या जुन्या यादवीच्या काळी लढाईतून पळालेल्या राजानं एक रात्र बाईंच्या घरात काढली, अशी एक वदंता गावात होती. मालकानं त्याचे फलक रंगवून घेतले. 'राजा इथे झोपला होता.' आणि एका संध्याकाळी तो बाईंना पढवायला आला.

"तुम्ही एवढंच म्हणायचं, की राजा झोपला होता. राजा झोपलेल्या घरावर नांगर फिरवायची कोणाची छाती नाही."

"तो इथं झोपला नव्हता," बाई म्हणाल्या.

"पण झोपला नव्हता हे कोण सिद्ध करणार?"

"मी. तो इथून चार मैलांवर झोपला होता. गादीबद्दल त्यानं तक्रारही केली होती. हे खरं आहे."

मालक काकुळतीला आला. "अहो, घर जाईल तुमचं!"

बाईंच्या हातात चहाचा कप होता. हो म्हणावं, हे त्यांच्या मनात आलंच नसेल असं मी म्हणणार नाही. बोट कपाच्या कडेवरून फिरत होतं. शेवटी म्हणाल्या, "या घरात एवढी माणसं राहून गेली. त्यातल्या एकाचंही नाव न घेता, जो आलाच नाही त्याच्या नावावर मी घर वाचवू? मग ते वाचलं काय नि न वाचलं काय!"

मालक टोपी घालून निघाला. दारात मला हळूच म्हणाला, "तूच सांग गं त्यांना."

सुनावणी गावच्या हॉलमध्ये झाली. फेब्रुवारीचा ओला दिवस. निकाल देणारे एक अधिकारी बाहेरगावाहून आले होते, सर्दीनं नाक लाल झालेले, सौम्य गृहस्थ. रस्त्याच्या बाजूनं एक तरुण वकील आणि त्याच्याशेजारी नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन बसलेला इंजिनियर. गाव सगळं हजर. हेही सुट्टी काढून आले होते. मी जाड कोटाखाली काठाची साडी नेसले होते. का, ते सांगता यायचं नाही, पण घरातलं कार्य असल्यासारखं वाटत होतं.

वकिलानं बाईंना अदबीनं विचारलं, "आपलं घराणं या घरात किती पिढ्यांपासून आहे?"

"एकही नाही," बाई म्हणाल्या. "युद्धात लंडनची शाळकरी मुलं इकडे पाठवली, तेव्हा त्यांची मास्तरीण म्हणून मी आले. काही आठवड्यांसाठी. घराचे मालक एक बहिरे विधुर होते. मला त्यांनी भाडेकरू म्हणून ठेवलं. मुलं परत गेली, मी राहिले. पुढे ते गेले आणि घर माझ्यावर सोडून गेले. मी आपली मध्ये आलेली आहे."

मला हे माहीत नव्हतं. चारशे वर्षं जिच्या जिभेवर होती ती बाई माझ्यासारखीच, एका बॅगेनिशी त्या दारात उभी राहिली होती. यांनी माझ्याकडे बघितलं.

"आणि राजा?" अधिकाऱ्यांनी रुमालातून विचारलं.

बाईंनी सांगितलं. चार मैल, गादी, तक्रार. मागून पबमालकाचं "अरे देवा!" स्पष्ट ऐकू आलं.

"मग या घरात कोणी महत्त्वाचं राहिलेलं नाही, असं समजायचं का?" वकील म्हणाला.

"एकही नाही," बाई म्हणाल्या. "महत्त्वाची माणसं तुम्हाला दुसरीकडे पुष्कळ मिळतील." आणि मग त्यांनी घरातली माणसं सांगायला सुरुवात केली. शाळेत हजेरी घ्यावी तशा आवाजात. व्यापारी, पाद्री, बहिणी, लेसवाली, बहिरे मालक. कोण कसं आलं, कोण कशाला हसायचं, कोण काय बोलून गेलं. खरं ते खरं म्हणून, बहुधा ते बहुधा म्हणून. लोक हसत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "यांचं आपापसात कशातही पटलं नसतं. एकाच गोष्टीत चारशे वर्षं एकमत आहे. तळघरात पाणी येतं. व्यापारी त्याबद्दल रडला, पाद्री रडला, बहिणी न बोलता रडल्या."

वकील हसून म्हणाला, "ती जुनी गोष्ट झाली. सध्या घरात आपण एकट्याच..."

"एकटी? आम्ही तिघं आहोत!" बाईंनी थेट माझ्याकडे बोट केलं.

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आपल्याला काही सांगायचंय का, मॅडम?"

मी उभी राहिले. रात्रभर मनात जुळवलेली चांगली चांगली इंग्रजी वाक्यं सगळी पळून गेली. तोंडातून एवढंच निघालं: "पाणी अजून येतं, सर. गेल्या आठवड्यात घोट्याच्या वर होतं. माझे बटाटे पाण्यात बुडाले होते."

हॉलमध्ये हशा पिकला. मला जमिनीत जावंसं वाटलं. घर वाचवायला आलो आणि मी भर सभेत घराचा दोष सांगितला. मी खाली बसले. तेवढ्यात दिसलं, की एक माणूस हसत नव्हता. इंजिनियर. त्यानं एक गुंडाळी सोडली होती आणि वकिलाच्या कानाशी लागला होता. मग त्यानं उठून विचारलं, "हे पाणी दर हिवाळ्यात असतं?"

"दर हिवाळ्यात," बाई म्हणाल्या. "उन्हाळ्यात मात्र छान कोरडं."

"आम्ही पाहणी उन्हाळ्यात केली होती," तो म्हणाला आणि खाली बसला.

घरी येताना मी बाईंची माफी मागायला लागले. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. चिखलातून बूट आपटत चालल्या होत्या. "बटाटे!" त्या म्हणाल्या. "व्यापाऱ्याच्या तळघरात कातडी बुडाली होती. आता बटाटे. आता तूही त्यांच्यात आलीस."

दोन दिवसांनी अधिकारी स्वतः घर बघायला आले. बाईंनी बैठकीच्या खोलीवर टकटक केली, थांबल्या, आत गेल्या. अधिकाऱ्यांनी काही विचारलं नाही. पुढच्या खोलीच्या दाराशी मात्र त्यांनीच बोटं वाजवली आणि बाईंकडे बघून थांबले. बाईंनी मान डोलावली.

निकाल उन्हाळ्यात आला. रस्ता तळ्याच्या पलीकडून जाणार. कारण दिलं होतं एका रुक्ष ओळीत, की मूळ मार्गावरची जमीन पाणथळ आहे. माणसांचा उल्लेख नव्हता. राजाचा अर्थातच नव्हता. पबच्या मालकानं त्या संध्याकाळी सगळ्या गावाला पाजलं आणि बाईंना मिठी मारली. फलक त्यानं फेकले नाहीत. उलटे करून पबच्या कोंबड्यांच्या खुराड्याला छत म्हणून लावले.

पुढच्या वर्षी यांना ग्लासगोला चांगली जागा मिळाली. निघायच्या आधी बाईंनी आम्हाला समोर बसवून विचारलं, "माझ्यानंतर तुम्ही राहाल का इथं?" त्यांनी ते हवापाण्याबद्दल विचारावं तसं विचारलं, म्हणून आम्हालाही खरं उत्तर देता आलं. यांची नोकरी तिकडे, माझ्या पोटात मूल, आम्ही परत येऊ असं वाटत नव्हतं. बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. राहायचं म्हणून राहिलेली माणसं घराला आवडत नाहीत. हे बहुधा खरं." आणि किटली ठेवायला उठल्या.

ग्लासगोत आमचं बस्तान बसलं. मुलगी झाली, घर घेतलं. बाईंची नाताळची कार्डं यायची. आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यात एकदा कार्डावर पत्ता निराळा दिसला. मी दोनदा वाचला. मिल्टन कीन्स. त्या नव्याकोऱ्या शहराचा.

मला धक्काच बसला. ज्या घरासाठी एवढा जीव टाकला ते सोडून? कोणी काढलं की काय त्यांना? उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलीला घेऊन मी मुद्दाम गेले. गोल चौकांमागून गोल चौक, सगळे रस्ते एकासारखे एक, नुकतीच लावलेली काटकुळी झाडं. दोनदा चुकून शेवटी सापडलं: सपाट छपराच्या, सारख्या घरांची ओळ आणि त्यात पिवळ्याधमक दाराचं एक घर.

बाईंनी दार उघडलं. अंगात एकच कार्डिगन. गालांवर रंग आला होता. "ये, ये! बूट काढू नकोस. नाही, काढ! जमिनीला हीटिंग आहे, पाय टेकवून तर बघ!"

मला घर दाखवण्याची त्यांना कोण घाई! पांढऱ्या भिंती, मोठाल्या काचा, जिना नाहीच. गुडघ्यांनी जुन्या पिळाच्या जिन्यापुढे हात टेकले होते. जुनं घर एका शिक्षकाच्या कुटुंबाला दिलं होतं, चार मुलं आणि एक बकरी. "बहिणींच्या खाचेवरून मुलं उड्या मारतात. छान चाललंय," म्हणाल्या.

"पण तुम्हाला करमतं इथं?" मी विचारलं. "इथं तर..." वाक्य कसं संपवावं मला कळेना.

"कोणीच नव्हतं!" त्यांनी ते संपवलं. त्यांचे डोळे चमकत होते. "कळतंय का तुला? माझ्या आधी इथं गवत होतं. मी पहिली आहे. या वयात पहिली! जो कोणी पुढे येईल, त्याला माझ्याबद्दल काहीतरी सांगता आलं पाहिजे. केवढी जबाबदारी!"

आणि कोपऱ्यातल्या पेटीतून त्यांनी एक लालचुटुक अकॉर्डियन काढला. या वर्षीच शिकायला घेतला होता. पट्टे खांद्यांवर चढवले, माझ्या मुलीला समोर बसवलं आणि वाजवायला लागल्या. सूर म्हणावा असं त्यात काही नव्हतं. भाता ओढताना चेहरा लाल होत होता, बोटं चुकत होती, चुकलं की त्या आणखी जोरात वाजवत होत्या. माझी मुलगी पोट धरून हसत होती.

शेजारच्या घरातून बाईमाणसाचा त्रासलेला आवाज आला. "परत सुरू झालं!" आणि खिडकी धाडकन लागली.

बाईंनी क्षणभर भाता थांबवला. कान देऊन ऐकलं. मग माझ्याकडे बघून समाधानानं म्हणाल्या, "हे खरं," आणि दुसरं गाणं सुरू केलं.